फाटलेला आवाज व त्याचा कान

कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घालविलेल्या माणसाने संगीताच्या एका विलायती उपकरणावर बोलावे, याचे श्रोत्यांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. संगीतात आमचा अधिकार नाही. सूर कोणता व श्रुती कोणती हे आम्हांस सांगता येणार नाही. विद्युत्-शास्त्रही आम्ही कॉलेजात शिकलो नाही. वाचनालयातली पुस्तके व कारखान्यातली माणसे यांच्याकडून जे मिळाले तेवढेच पदरी आहे. परंतु बिघाड दिसतो कोठे, असतो कोठे, आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा आमचा तीस वर्षांचा रोजचा विषय आहे. व आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे ती वस्तू बिघाडातूनच जन्मास आली आहे. तेवढ्या भांडवलावर आम्ही हे धाडस करीत आहोत.

विजेवर चालणाऱ्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कापली की वेटोळ्यात विजेची बारीक लहर उठते. ती अँप्लिफायरमध्ये मोठी होते व लाउडस्पीकरातून आवाजाच्या रूपाने बाहेर पडते. गिटार व अँप्लिफायर यांच्या मध्ये वादक एक लहानसा पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवतो व पायाने त्याचा खटका दाबतो. याला पेडल म्हणतात. आमच्या जुन्या नाटक कंपन्यांतील पायपेटीशी त्याचे नाते नाही. तेथे पाय भाता चालवतो, येथे पायाला फक्त चालू-बंद एवढेच काम. डब्याच्या वर दोनतीन नॉब असतात. रेडिओच्या काळापासून आपण नॉबला कान म्हणत आलो, व तो पिळतो. येथेही आम्ही तोच शब्द वापरू.

या डब्यांचे प्रकार आज शेकड्यांनी मोजावे लागतील. आम्ही बोलणार ते फक्त 'फझ' नावाच्या प्रकाराविषयी. त्याचे काम एका वाक्यात सांगावयाचे तर चांगला आवाज फाडणे. सभेत वक्ता ध्वनिक्षेपकाला तोंड लावून ओरडू लागला की आवाज फाटतो, हे आम्हा सभावाल्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. तेथे होते काय, तर लहर इतकी उंच होते की यंत्राच्या आवाक्यात मावत नाही, व तिचा माथा सपाट कापला जातो. अशा माथा कापलेल्या लहरीत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अनेक उपसूर दाटीने उभे राहतात. कानाला खरखर वाटते, पण तीत एक भरीवपणाही येतो.

खरखर म्हणजे दोषच, असे आपल्या संगीताने तरी मानलेले नाही. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित उताराची असते. तार तिला निसटता स्पर्श करीत कंप पावते, व घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून तो स्पर्श कमीअधिक करतात. हीच जवारी. मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांची कीर्ती पुष्कळशी या घोडी घासण्याच्या हातावर उभी आहे. तो धागा काढून टाका, तंबोरा मुका वाटेल. वाटेल तेथे बसवा, तो नुसता भुणभुणेल. केसभर मागेपुढे करून गवई थांबतो ती जागा नेमकी असते. हा धागा ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज लागेल.

अमेरिकेत फाटलेल्या आवाजाचा पाठलाग सुरू झाला तो मोडतोडीपासून. १९५१ च्या मार्च महिन्यात मेंफिस शहरात सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत 'रॉकेट एटी-एट' या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले. आइक टर्नर यांचा हा वाद्यवृंद मिसिसिपीतून मोटारीने येत असता विली किझार्ट या गिटारवादकाच्या अँप्लिफायरला वाटेत इजा झाली. तो गाडीवरून पडला असे कोणी सांगतात, पावसात भिजला असे कोणी सांगतात. दुरुस्तीला वेळ नव्हता. फाटलेल्या लाउडस्पीकरात कागद कोंबून काम भागविण्यात आले, आणि निघालेली घरघर फिलिप्स यांना आवडली. १९५८ साली लिंक रे यांनी 'रंबल' या वाद्यरचनेसाठी आपल्या लाउडस्पीकराच्या पडद्यास पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ साली लंडनमध्ये किंक्स या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी पात्याने पडदा चिरला. या तिन्ही गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात, व त्या कौतुकास पात्रही आहेत. परंतु कारागिराच्या नजरेने पाहिले तर तिन्हींत एक अडचण आहे. चिरलेला पडदा पुन्हा न चिरलेला करता येत नाही. अर्धा चिरता येतो, पण एका गाण्यापुरता अर्धा व दुसऱ्यापुरता पाऊण, असे जमत नाही. तो बिघाड वादकाच्या हातचा होता खरा, पण हाताखालचा नव्हता.

खरा फेर पडला तो नॅशव्हिल येथे. सिक्स्टीन्थ अॅव्हेन्यू साउथ या रस्त्यावर ब्रॅडली बंधूंनी लष्कराच्या जुन्या अर्धगोल पत्र्याच्या झोपडीत स्टुडिओ उभारला होता; झोपडीच्या घाटावरून त्याला क्वॉन्सेट हट असेच म्हणत. मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोंट वरी' या गाण्याच्या मुद्रणात ग्रेडी मार्टिन हे सहा तारांची बास गिटार वाजवीत होते. त्यांची जागा आली, आणि जे उमटले ते एखादा भोंगा बसक्या गळ्याने ओरडावा तसे. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी शोध घेतला तेव्हा दोष गिटारीत नव्हता, वादकात नव्हता, तारेतही नव्हता. ध्वनिमुद्रण-यंत्राच्या फळ्यात एका प्रवर्धकाचा ट्रान्सफॉर्मर निकामी झाला होता. गाणे पुसून पुन्हा वाजवावे की तसेच ठेवावे, यावर विचार होऊन तसेच ठेवावे असे ठरले. १९६१ साली ते बाहेर आले, अमेरिकेतील ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या स्थानावर गेले, व सर्वसाधारण यादीतही तिसऱ्या स्थानापर्यंत चढले.

इथवरची हकीकत लोक 'अपघाताने लागलेला शोध' म्हणून सांगतात व पान उलटतात. आम्हांस हे पटत नाही. अपघात तर मेंफिसलाही झाला होता. स्नॉडी यांनी केले ते अपघातानंतरचे काम, आणि त्याला अपघात म्हणता येत नाही. दुसरे वादक येऊन तोच आवाज मागू लागले. पण मोडलेला ट्रान्सफॉर्मर काही कायमचा चाकर नव्हे; तो आज अर्धा मोडला आहे, उद्या पुरता जाईल. तेव्हा स्नॉडी यांनी तो मोडला म्हणजे लहरीचे नेमके काय होते हे समजून घेतले, आणि डब्ल्यू-एस-एम या रेडिओ केंद्रातील इंजिनिअर रेव्हिस हॉब्स यांना बरोबर घेऊन तोच परिणाम ट्रान्झिस्टरांच्या मंडलातून मुद्दाम घडवून आणला. नंतर ते तयार वस्तू घेऊन शिकागोस गेले व गिब्सन कंपनी ज्यांच्या ताब्यात होती त्या मॉरिस बर्लिन यांना ती दाखविली. १९६२ साली 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावाने ती बाजारात आली. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर, दीड व्होल्टचे दोन सेल, आणि वर दोन कान: एक आवाजाच्या मोठेपणाचा, दुसरा फाटण्याच्या प्रमाणाचा.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू तो दुसरा कान आहे. ट्रान्सफॉर्मर मोडला तेव्हा आवाज फाटला. कान बसला तेव्हा फाटलेला आवाज वाद्य झाला. तंबोऱ्याचा धागा जे करतो तेच येथे कानाने केले. किती फाडावयाचे, कोठे थांबावयाचे, हे वाजविणाऱ्याच्या बोटांत आले. वस्तू तीच, आवाज तोच. परंतु ज्याचे प्रमाण माणसास ठरविता येत नाही तो बिघाड, व ज्याचे प्रमाण ठरविता येते ते साधन, असा हा भेद आहे.

हा भेद आम्ही संगीतात शिकलो नाही. रेडिओ व टेपरेकॉर्डर जोडण्याच्या एका कारखान्यात आमच्या संघटनेची शाखा होती. तेथे सरकत्या पट्ट्यावर संच पुढे येत व दोन्ही बाजूंस बसलेल्या बायका आपापला सुटा भाग डाख देऊन बसवीत. पट्ट्याचा वेग कमीजास्त करण्याचा कान होता. तो सुपरवायझरच्या खोलीत कुलुपातल्या पेटीत असे. वेग वाढविल्याचे वरून कोणी कबूल करीना. बायकांनी तासाला किती संच हातांखालून गेले हे खडूने बाकाच्या खालच्या अंगास लिहावयास सुरुवात केली. आमची त्या खेपेची पहिली मागणी पगाराची नव्हती. तो कान व त्याची तबकडी सर्वांना दिसेल अशा ठिकाणी भिंतीवर आणा, एवढीच होती. ती मान्य व्हावयास चौदा महिने लागले. म्हणून एखाद्या डब्याच्या वर, उघड्यावर, वाजविणाऱ्याच्या हाताशी कान बसविलेला दिसला की आमचे लक्ष आवाजाच्या आधी तिकडे जाते.

फझ-टोन आरंभी चालली नाही. कंपनीने जाहिरात अशी केली की हिच्यामुळे गिटारीतून सॅक्सोफोन, ट्राँबोन असली फुंकवाद्ये ऐकू येतात. दुकानदारांनी हजारोंनी पेट्या उचलल्या आणि त्या फळीवर पडून राहिल्या. गिटार घेणाऱ्याला तुतारी कशाला हवी? १९६५ च्या मे महिन्यात रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदाने हॉलिवूड येथे 'सॅटिस्फॅक्शन' हे गाणे मुद्रित केले. कीथ रिचर्ड्स यांनी त्यातील मुख्य सुरावट फझ-टोनमधून वाजविली, ती केवळ आराखडा म्हणून. पुढे तेथे खरी फुंकवाद्ये घालावयाची असा त्यांचा बेत होता. म्हणजे कंपनीने सांगितलेला उपयोग त्यांनी प्रामाणिकपणे केला होता. पण आराखडाच बाहेर पडला, साऱ्या जगाने ऐकला, आणि वर्ष संपण्यापूर्वी दुकानांतील पेट्या संपल्या.

त्याच वर्षी लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी 'टोन बेंडर' बनविली. व्हिक फ्लिक नावाच्या वादकाने अमेरिकन फझ-टोन आणून दाखविली व हिचा सूर लवकर विझतो, तो अधिक टिकेल असे करा, असे सांगितले. त्यातून ती निघाली. १९६६ साली आयव्हर आर्बिटर यांची 'फझ फेस' आली. मायक्रोफोनच्या खांबाचा गोल लोखंडी तळ असतो, त्यावरून तिचा घाट सुचला. जिमी हेंड्रिक्स यांच्या पायाखाली ती जगभर गेली. बोटीच्या आवाजाचा व कंपनांचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश आरमारी खात्यात काम केलेले रॉजर मेयर हे तरुण तंत्रज्ञ हेंड्रिक्ससाठी पेट्या बनवीत व सुधारीत. वाद्यवृंदाच्या छायाचित्रात ते दिसत नाहीत, हे सांगावयास नकोच.

फझ फेसचे झाकण उघडले तर आत काय दिसते? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर व दोन कान. अकरा सुटे भाग, एक नऊ व्होल्टची बॅटरी, एक खटका. एवढ्यावर सारा पसारा. त्यामुळेच घरी पेडल बनविणारा बहुधा हिच्यापासून आरंभ करतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे फेरी मारली तर बहुतेक सामान एका पिशवीत येते. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आता कोठेच मुबलक नाहीत. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात एके काळी निघालेले जुन्या साठ्यांतून अजून हाती लागतात, व परदेशातील हौशी लोकही ते शोधीत असतात.

आता प्रत्यक्ष कानाकडे वळू. विजेचा दाब तोलून मोजण्याची युक्ती पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ साली काढली. पोटेन्शिओमीटर हे नाव त्या मोजणीच्या घराण्यातले. पुढे मोजण्याचे काम मागे पडून वाटणी करण्याचे काम तेवढे राहिले, आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी नाव आखडून 'पॉट' झाले. आत कोळशाच्या लेपाची घोड्याच्या नालासारखी पट्टी असते. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय, व पट्टीवर फिरणाऱ्या हाताला मधला तिसरा पाय. दोन टोकांमधला एकूण रोध कधी बदलत नाही; कान पिळल्याने फक्त मधला हात कोणत्या टोकाला किती जवळ, एवढे बदलते. हे वाक्य कंटाळवाणे आहे, पण पुढची सारी चौकशी त्याच्यावर उभी आहे.

फझ फेसमध्ये मोठेपणाचा कान पाच लाख ओहमचा आहे, व फाटण्याचा कान अवघ्या एक हजार ओहमचा. पहिल्याची पट्टी मुद्दाम विषम लेपाची घेतात, कारण आपला कान आवाजातील वाढ बेरजेने नव्हे, पटीने ओळखतो. सम लेपाची घेतली तर पहिल्या पाव फेऱ्यातच सारा गोंगाट होतो व उरलेला फेरा व्यर्थ जातो. दुसऱ्या कानाची रचना निराळी. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरपासून अर्थपर्यंत ही एक हजाराची पट्टी आहे, व मधल्या पायावरून वीस मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अर्थला जातो. कंडेन्सर बॅटरीचा स्थिर दाब अडवितो आणि सुराची हलती लहर जाऊ देतो. म्हणून कान पिळला तरी ट्रान्झिस्टरचा स्थिर दाब हलत नाही. लहरीपुरता मात्र रोध कमी होत जातो आणि ट्रान्झिस्टर मोकाट सुटतो. उरलेला रोध जितक्या पटीने घटतो साधारण तितक्या पटीने लहर वाढते. हजारावरून शंभरावर यावयास नऊ-दशांश फेरा खर्च होतो; शेवटच्या दशांशात बाकीचे सारे घडते. पुष्कळ नवशिके हा कान सुरुवातीला काहीच करीत नाही म्हणून बिघडला समजतात व बदलून आणतात. तो बिघडलेला नसतो.

गेल्या वर्षी आमच्या युनियनच्या कचेरीत एक तरुण सभासद असेच एक घरचे पेडल घेऊन आला. दिवसा तो सर्किटच्या पाट्यांवर सुटे भाग बसविण्याच्या खात्यात असतो, संध्याकाळी गिटार. जेवणाचा जुना स्टीलचा डबा घेऊन त्याने त्यात मंडल बसविले होते. "काका, मोठेपणाचा कान ठीक आहे. पण दुसरा पिळला की करकरतो, आणि शेवटाला नेला की पेटी मुकीच होते. पॉट दोनदा बदलला," तो म्हणाला. पहिल्या पॉटवर त्याने सफाईचा फवाराही मारून पाहिला होता.

आम्ही त्याला विचारले, "दुसरा पॉट नवा होता ना? मग नव्याने तीच तक्रार केली तर तक्रार त्याची नसेल." संघटनेच्या कामात हे रोज पाहावे लागते. खात्यात ज्या जागी माल नापास होतो तेथल्या माणसाला मेमो मिळतो. माल बिघडलेला असतो दोन खाती अलीकडे. माणूस बदलतात, नव्या माणसालाही मेमो मिळतो, आणि मग म्हणतात की हल्ली माणसेच चांगली मिळत नाहीत.

मीटर काढला. बॅटरी नऊ व्होल्टच्या आसपास होती. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्टच्या जवळ दाब असावयास हवा. कान खाली असताना तोही बरोबर होता. मीटर तेथेच ठेवून कान हळूहळू वर नेला. मघाच्या कंटाळवाण्या वाक्याप्रमाणे काटा हलावयास नको. तो हलला. साडेचार, मग चार, तीन, आणि शेवटच्या टोकाशी जवळजवळ शून्य. याचा अर्थ एकच: स्थिर दाबाला मधल्या पायातून कोठेतरी वाट सापडली होती. त्या पायावर जोडलेली वस्तू एकच, तो कंडेन्सर. अडविण्यासाठी बसविलेला पहारेकरीच गळत होता.

पुढचे सर्व त्यातून आपोआप उलगडते. कान वर गेला की एमिटर गळक्या कंडेन्सरमधून अर्थला टेकतो. पहिल्या ट्रान्झिस्टरला जगविणारा दाब याच एमिटरवरून एक लाख ओहमच्या रेझिस्टन्समधून मागे जातो. तो बंद पडला की पहिला ट्रान्झिस्टर झोपतो, दुसरा पुरता उघडतो, आणि दोघांपैकी कोणीच लहर पुढे नेण्याच्या स्थितीत राहत नाही. म्हणून पेटी मुकी. करकर का, तर ज्या मधल्या पायातून फक्त लहर जावयाची तेथून बॅटरीचा प्रवाह जाऊ लागला, व कोळशाच्या पट्टीवरचा प्रत्येक खडबडीतपणा ऐकू येऊ लागला. तरुणाने कंडेन्सर एका मोडक्या रेडिओतून काढला होता, असे तेव्हा कळले. त्याचा एक पाय डाख वितळवून मोकळा केला. काटा साडेचारवर स्थिर झाला, करकर थांबली, आवाज फाटणेही पुष्कळ कमी झाले, कारण लहरीची वाटही बंद झाली. तपकीर गल्लीतून बावीस मायक्रोफॅरडचा नवा आणला. याची किंमत चहाच्या एका कपाहून कमी होती. पॉट दोनदा बदलण्यात त्याचे दोन रविवार गेले होते.

कान दुसऱ्या रीतीनेही चुकीचे वागतात, व प्रत्येक वागणुकीचा पत्ता निराळा असतो. मोठेपणाचा कान उलटा चालत असेल तर बाहेरच्या दोन पायांच्या तारांची अदलाबदल झाली आहे. तो पूर्ण खाली आणूनही आवाज जात नसेल तर अर्थचा पाय सुटला आहे, किंवा तेथे ड्राय सोल्डर आहे. डाख वरून चकाकतो वा मळकट दिसतो, पण आत तारेला धरलेले नसते. झाकण उघडे असता चालणारी पेटी झाकण लावताच मुकी झाली तर पॉटचा एखादा पाय पत्र्याला शिवतो आहे. त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. आणि मोठेपणाचा कान करकरत असेल तर त्याच्या मागचा शंभरांश मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आधी तपासावा, पॉट मागाहून.

जर्मेनियम वापरणाऱ्यास आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार जाणवते. या धातूच्या ट्रान्झिस्टरात गळती असतेच, आणि उष्णता दहा अंशांनी वाढली की ती साधारण दुप्पट होते. लंडनच्या हिवाळ्यात जुळविलेली पेटी तेथल्याच उन्हाळ्यात बिघडल्यासारखी वागे. मग वैशाखात, पत्र्याच्या मांडवाखाली, तिचे काय होत असेल? कलेक्टरवरचा दाब साडेचारावरून सरकतो व कान कोठेही ठेवला तरी आवाज तोतरा येतो. साठांच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांनी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर घेतले यामागे हे एक मोठे कारण होते. जुन्या वादकांस सिलिकॉनचा आवाज कर्कश वाटला. उन्हाळ्यापुरते तरी आम्ही सिलिकॉनच्या बाजूचे आहोत.

या व्यवसायात ज्ञान लपविण्याची एक रीत पडली आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. कित्येक उत्पादक मंडलावर काळी राळ ओततात, ती दगडासारखी घट्ट होते व आत काय आहे ते दिसत नाही. कोणी सुट्या भागांवरील क्रमांक घासून टाकतात. अकरा भागांची वस्तू, तिच्यात चोरण्यासारखे ते काय! पण परिणाम असा होतो की कान बिघडला तर मालक पेडल फेकतो व नवे घेतो. दुरुस्त करणारा राळेपाशी थांबतो. घरी बनविणाऱ्यांनी याला आपल्या परीने उत्तर दिले. राळ तापवून, खरवडून, भाग मोजून त्यांनी आराखडे कागदावर उतरविले व एकमेकांस दिले. त्यांत कायद्याच्या बाजूने बोलण्याजोगे काही असेल, तरी आमची सहानुभूती खरवडणाऱ्याकडे आहे.

आणि ज्यांनी हजारो पेट्या हाताने जोडल्या ते कोठे आहेत? न्यूयॉर्क येथे माइक मॅथ्यूज यांनी १९६८ साली इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनी काढली. १९६९ साली बेल प्रयोगशाळेतील बॉब मायर यांच्या मदतीने तिने 'बिग मफ' ही फझ-पेटी बाजारात आणली. ती इतकी खपली की फझचा इतिहास लिहिणारा तिला टाळू शकत नाही. १९८१ साली तेथे कामगार संघटनेवरून मोठा तंटा झाला, आणि १९८४ पर्यंत कंपनी दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. आमच्या वाचनात आलेली हकीकत मुख्यतः मालकाच्या बाजूने सांगितलेली आहे. संघटनेने काय मागितले, बाकावर बसणाऱ्यांना काय मिळत होते, हे तीत शोधूनही सापडले नाही. एका बाजूची फिर्याद ऐकून निकाल देण्याची आम्हांस सवय नाही, म्हणून देत नाही. मॅथ्यूज पुढे रशियात गेले व १९९० च्या दशकात बिग मफ तेथे बनू लागली. हिरव्या-काळ्या जाड पत्र्याच्या त्या रशियन पेट्यांना आज जुन्या बाजारात मोठी किंमत येते. प्रत्येक आवृत्तीत कोणता रेझिस्टन्स बदलला व कोणता कंडेन्सर, याच्या याद्या हौशी लोकांनी शास्त्रशुद्ध केल्या आहेत. डाख कोणी दिला याची यादी नाही.

ग्लेन स्नॉडी व रेव्हिस हॉब्स यांचे तसे झाले नाही, यात आम्हांस समाधान आहे. त्यांनी मे १९६२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला होता. १९ ऑक्टोबर १९६५ रोजी तो मंजूर झाला. 'सॅटिस्फॅक्शन' बाजारात येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. क्रमांक ३२१३१८१. दोघांची नावे त्यावर आहेत.